एवढ्या लोकांसमोर

(रंगपट. दुपार कलली आहे, प्रयोगाला अजून वेळ आहे. नवरा आरशासमोर बसून भुवया पांढऱ्या करतो आहे. बायको शिवणयंत्रावर नायिकेचा शेवटच्या अंकातला झगा आवळते आहे.)

नवरा : ...म्हणून म्हणतो, गळा एवढा बंद नको करूस. फोटोत बरा दिसणार नाही.

बायको : कसला फोटो?

नवरा : असंच आपलं म्हटलं.

बायको : इतक्या वर्षांत माझ्या शिवणात कधी नाक खुपसलं नाहीत, आणि आज एकदम गळा दिसला?

नवरा : बापाने लेकीच्या झग्याकडे बघू नये की काय?

बायको : नाटकातल्या बापाने की खऱ्या?

नवरा : दोन्ही मीच. काय फरक पडतो!

बायको : अहो, सांगायचं असेल तर सांगून टाका. मघापासून दूध प्यालेल्या मांजरासारखे बसलाय.

नवरा : सांगतो. पण पोरीच्या कानावर जाता कामा नये.

बायको : नाही जाणार. बोला.

नवरा : आज शेवटच्या प्रवेशात आपला नायक, लंबू, तिला मागणी घालणार.

बायको : रोजच घालतो. नाटक तेच आहे.

नवरा : अगं, खरी! खरीखुरी. आपल्यासारखी. गुडघ्यावर बसेल, खोटी मिशी काढेल, आणि बाईसाहेब म्हणायच्या ऐवजी तिचं घरचं नाव घेईल. त्याचे आईवडील पुढच्या रांगेत असतील. अंगठी त्याच्या खिशात. फोटोवाल्याला मी विंगेत उभा करणार आहे. हे यंत्र का थांबवलंस?

बायको : दोरा तुटला.

नवरा : मला विचारायला आलं ना पोरगं परवा. म्हणालं, काका, तुमची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय, मलाही तसंच करायचंय. मी म्हटलं, लेका, हे तू मला विचारायचं? जा, कर! माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

बायको : आणि तिला विचारलं कुणी?

नवरा : तेच तर तो विचारणार आहे!

बायको : आधी, म्हणतेय मी. चार माणसांत विचारण्याआधी.

नवरा : आधी विचारलं तर मग मजा काय राहिली? तू पण ना! आणि विचारलंय त्याने, आडून आडून. म्हणाला, नाही असं काही म्हणाली नाही. लाजत असेल.

बायको : आपली पोरगी? लाजत असेल?

नवरा : मुली लाजतात.

बायको : ती दिग्दर्शकाशी तासभर भांडून शेवट बदला म्हणून बसली होती, तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना? लाजताना दिसली का कुठे?

नवरा : ते खूळ आहे तिच्या डोक्यातलं. एवढं जुनं नाटक, तीन पिढ्या पोट धरून हसल्या, आणि आता म्हणे शेवट चुकीचा. काय चुकीचं आहे? हट्टी पोरगी, लग्न करणार नाही म्हणून बसलेली. एक भला माणूस घड्याळं दुरुस्त करणारा बनून तिच्या घरात शिरतो. भांडतो, हसवतो, तिची खोड जिरवतो. शेवटी बापाच्या मेजवानीत सगळ्यांसमोर विचारतो, आणि ती म्हणते, "आता एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं?" छप्पर उडायचं त्या वाक्याला! तू म्हणायचीस तेव्हा तर मला मनात दहापर्यंत मोजून थांबावं लागायचं, तेव्हा कुठे हशा ओसरायचा.

बायको : आता किती मोजता?

नवरा : हल्लीच्या प्रेक्षकांना हसायचं कुठे कळतं! फोनमध्ये डोकं.

बायको : दुसऱ्या अंकात हसतात की. घड्याळजी पलंगाखाली अडकतो तेव्हा तर खुर्च्या वाजतात. फक्त त्या वाक्याला गप्प होतात. गेल्या प्रयोगाला एकच माणूस हसला. आपण एकटेच हसतोय हे लक्षात आल्यावर तोही मध्येच थांबला. मी विंगेत होते, ऐकलं मी.

नवरा : बरं, मग? आज हसतील नाहीतर रडतील. आज खरं घडणार आहे त्यांच्यासमोर.

बायको : तुम्ही लंबूला सांगा, आज नको.

नवरा : का म्हणून?

बायको : मी सांगते म्हणून.

नवरा : अगं, त्याचे आईवडील गाडीत बसले असतील एव्हाना! आणि तू? तू अशी म्हणतेस? जिच्या लग्नाची गोष्ट सांगून मी अख्खी मैफल जिंकतो, ती तू?

बायको : तीच मी.

नवरा : तेव्हा घड्याळजी मी, नायिका तू. काय ठरवून केलं होतं मी सगळं! चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. आई पहिल्या रांगेत, आमचा म्हातारा मॅनेजर टाळ्यांना सुरुवात करायला उभा. मी गुडघ्यावर बसलो. मिशी काढली. सगळीकडे अशी शांतता की पंख्याचा आवाज येतोय. आणि मी म्हटलं, "ठिणगे, माझ्याशी लग्न करशील?" तू एक क्षण माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. आणि मग तुझ्या त्या खट्याळ आवाजात...

बायको : मला वाटलं, तुम्ही वाक्य विसरलात.

नवरा : काय?

बायको : ते बघणं. मी बघत होते की तुमचं काय चाललंय. मिशी नाटकात बाप उपटतो, तुम्ही हात लावायचाच नव्हता. मला वाटलं, डिंक सुटला. आणि मग तुम्ही माझं नाव घेतलंत. म्हटलं, झालं, माणूस कोरा पडला.

नवरा : हे बरं आहे! हे घालायला हवं गोष्टीत.

बायको : त्या आठवड्यात तुम्ही रोज काहीतरी गाळत होतात. आदल्या प्रयोगाला दुसऱ्या अंकातलं अख्खं पान उडवलंत, मी ओढून आणलं होतं तुम्हाला परत. तुम्हाला ताप आहे असं वाटत होतं मला.

नवरा : ताप कसला, प्रेमात होतो!

बायको : मला काय माहीत? मी माझं वाक्य टाकलं. तुम्हाला सावरून घेतलं.

नवरा : थांब, थांब. सावरून म्हणजे?

बायको : सावरून म्हणजे सावरून. समोरचा अडला की आपण पुढचं वाक्य टाकायचं. काही झालं तरी प्रयोग पडू द्यायचा नाही. तुम्हीच शिकवलंत मला, कंपनीत नवी होते तेव्हा.

नवरा : ही थट्टा आहे ना?

बायको : नाही हो.

नवरा : माझ्या तोंडाकडे बघून सांग.

बायको : बघितलं. नाही.

नवरा : म्हणजे... पण तू हो म्हणालीस.

बायको : मी नाटकातलं वाक्य म्हणाले. टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. म्हटलं, एवढ्या का पडताहेत? तेवढ्यात तुमची आई रंगमंचावर चढताना दिसली, डोळे पुसत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, पडदा पडू दे, मग सांगू. पडदा पडला, आणि तुमच्या आईने मला अशी घट्ट धरली की माझा मेकअप सगळा त्यांच्या खांद्याला लागला. पोरी, माझ्या घरात आनंद आणलास, म्हणाल्या. आता त्या बाईला काय सांगणार मी?

नवरा : मला सांगायचं!

बायको : दुसऱ्या दिवशी सांगणार होते. शोधत शोधत कँटीनमध्ये आले, तर तुम्ही टेबलावर चढून सगळ्यांना तीच गोष्ट सांगत होतात. "एक क्षण बघितलं तिने माझ्याकडे..." तुमचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मी तशीच मागे फिरले. आणि मग ती गोष्टच झाली. जो तो तीच सांगायचा, आणि माझ्यापेक्षा छान सांगायचा.

नवरा : एवढी वर्षं... माझं तोंड बघ कसं झालंय. एक भुवई पांढरी, एक काळी.

बायको : पुसू का?

नवरा : हात नको लावूस. एवढी वर्षं तू माझ्याबरोबर नाटक केलंस?

बायको : आता उगाच नाटकी बोलू नका. नाटक करून कुणाची आजारपणं काढता येत नाहीत. पोरगी नाटकातली आहे का?

नवरा : मग प्रेम होतं की नव्हतं?

बायको : झालं. नंतर. माझा आवाज बसला होता त्या वर्षी, आठवतं? डॉक्टर म्हणाले, सगळा सीझन बोलायचं नाही. माझ्या जागी दुसरी उभी राहिली. तुम्ही प्रयोग संपवून यायचात, मोजे काढत पलंगावर बसायचात, आणि आज कुठे कुठे हसले, कुठे नाही हसले, सगळं सांगायचात. मी विचारूही शकत नव्हते, तरी सांगायचात. आणि ती कुठे चुकली ते कधी सांगितलं नाहीत. तेव्हा एकदा मला वाटलं, हा माणूस मला आवडतो. ते माझं मला वाटलं. त्या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

नवरा : मग सगळं ठीकच झालं की शेवटी!

बायको : माझं झालं. होईलच असं कुठे होतं? तुम्ही भले निघालात, ते माझं नशीब. आणि मधली दोन वर्षं मी कशी काढली, ते तुम्ही आजतागायत विचारलेलं नाही. तिच्या वाट्याला मला ते नको. लंबू वाईट आहे असं नाही म्हणत मी. पण तिला बोलायला जागा हवी. त्या प्रवेशात तिच्याजवळ ते एकच वाक्य आहे.

मुलगी : आई, झगा झाला का? अरे, काय झालं? बाबा, भुवया अर्ध्याच?

नवरा : काही नाही. रंग संपला.

मुलगी : समोर डबी भरलेली आहे.

बायको : ये, घालून बघ. हात वर कर. टाचण्या आहेत, हलू नकोस.

मुलगी : गळा एवढा उघडा कशाला ठेवलायस? बंद कर ना थोडा.

बायको : करते.

मुलगी : तुम्ही भांडलात का?

नवरा : तू त्या शेवटच्या वाक्यावरून दिग्दर्शकाशी भांडलीस म्हणे.

मुलगी : म्हणे काय, तुमच्यासमोरच भांडले. तो बदलत नाही. क्लासिक आहे म्हणतो, आपण कोण हात लावणारे? बाबा, मला खरंच नाही जमत ते. पहिले दोन अंक मी मजेत करते. ती बाई काय तोडीस तोड बोलते! घड्याळजीची भंबेरी उडवते. आणि शेवटी सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून उभे राहतात, आणि ती एकदम बावळट. गेल्या वेळी पुढे एक मुलगी बसली होती, माझ्याच वयाची. वाक्य येण्याआधीच तिने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं काय होणार ते. मला इतकी लाज वाटली ना!

नवरा : आणि लंबू? त्याच्याबरोबर तुझं कसं चाललंय?

मुलगी : हे एकदम मध्येच कुठून आलं?

नवरा : असंच.

मुलगी : मस्त चाललंय. आम्ही बोललो सगळं. त्याने लग्नाचं काढलं होतं मागच्या महिन्यात. मी सांगितलं, तू मला आवडतोस, पण लग्न नको. आत्ता नको, आणि नंतर हवं असेलच असंही नाही. चांगला आहे तो. ऐकून घेतलं. म्हणाला, ठीक आहे, समजलं.

नवरा : असं स्पष्ट सांगितलंस?

मुलगी : ह्याहून स्पष्ट कसं सांगतात?

नवरा : मला तो म्हणाला, नाही असं काही म्हणाली नाही.

मुलगी : तुम्हाला? तुम्हाला का सांगितलं त्याने?

बायको : सांगा आता.

नवरा : तो आज... हे बघ, चिडू नकोस. आज शेवटी तो तुला खरंच विचारणार होता. रंगमंचावर. मी जसं तुझ्या आईला... मीच म्हटलं त्याला, कर.

मुलगी : काय?

बायको : हलू नकोस, टाचणी लागेल.

मुलगी : लागू दे! बाबा, तुम्ही काय... सगळ्यांसमोर? मला न सांगता?

नवरा : मला वाटलं, तुला आनंद होईल.

मुलगी : आई, तुला माहीत होतं?

बायको : आत्ता कळलं. तू येण्याआधी थोडा वेळ.

मुलगी : मी काय केलं असतं? सांगा ना, काय केलं असतं मी? त्याचे आईवडील येणार आहेत म्हणत होता, मला वाटलं नाटक बघायला. प्रेक्षक भरलेले, तुम्ही शेजारी उभे, सगळी कंपनी बघतेय. आणि माझ्या तोंडात वाक्य कुठलं? तेच! मी तेच म्हटलं असतं, बाबा. रोज म्हणते, आपोआप बाहेर आलं असतं. आणि नसतं आलं, तर तुम्ही विंगेत नेऊन ऐकवलं असतं, प्रयोग पाडलास म्हणून.

नवरा : नसतं ऐकवलं.

मुलगी : एकदा मी शिंकले, तर आठ दिवस ऐकवत होतात!

नवरा : चुकलं माझं. मी जातो, त्याला सांगतो.

मुलगी : नाही. त्याच्याशी मी बोलते. त्याला समजलं नव्हतं की समजून घ्यायचं नव्हतं, ते मला बघायचंय. तुम्ही त्याच्या आईवडिलांना सांगा, आणि त्या फोटोवाल्याला घरी पाठवा.

बायको : झगा काढून जा. टाचण्यांनी फाटेल.

मुलगी : घे. आणि आज मी ते वाक्य म्हणणार नाही.

नवरा : अगं, प्रयोग आहे! दिग्दर्शक...

मुलगी : दिग्दर्शकाला काय सांगायचं ते मी बघते. लंबू विचारेल, नाटकातलंच विचारेल, आणि मी गप्प राहीन. शेजारी तुम्ही आहात. घ्या सावरून.

नवरा : मी काय बोलू तिथे? माझं पुढचं वाक्य आहे, "घ्या, जावई सापडला!" तू हो म्हटल्याशिवाय ते कसं टाकू?

मुलगी : नाही टाकता येणार.

नवरा : मग?

मुलगी : बाप आहात ना तिचे? लेक गप्प उभी आहे, सगळे तिच्याकडे बघताहेत. सुचेल काहीतरी. मी जाते, तो वर तालमीच्या खोलीत असेल.

बायको : हळू बोल त्याच्याशी.

मुलगी : बघते.

नवरा : दार केवढ्याने आपटलं.

बायको : तुमच्यावर गेलीय.

नवरा : घाबरली होती गं ती. चिडली म्हणून दाखवत होती, पण घाबरली होती. टाचणी लागली तरी कळलं नाही तिला. हातावर रक्त होतं.

बायको : बघितलं मी.

नवरा : तूही अशीच घाबरली होतीस?

बायको : हो.

नवरा : आणि मी लोकांना सांगत फिरलो, खट्याळ आवाजात म्हणाली.

बायको : आवाज खट्याळच होता. तालमीत बसवलेला होता तसा.

नवरा : आता कुठल्या तोंडाने सांगू ती गोष्ट कुणाला?

बायको : नका सांगू काही दिवस. या इकडे, भुवई पुरी करते. असे जाणार का त्यांच्यासमोर?

नवरा : एक विचारू?

बायको : मान सरळ ठेवा.

नवरा : पडदा पडल्यावर सांगीन, असं ठरवलं होतंस ना तू. आई आली नसती, कुणीच आलं नसतं, आपण दोघंच विंगेत असतो, आणि मी परत विचारलं असतं. तर काय म्हणाली असतीस?

बायको : डोळा मिटा.

नवरा : मिटला. नाही म्हणाली असतीस, हो ना? खरं सांग, मला चालेल.

बायको : तुम्हाला वाटतंय, मी "नाही" गिळून बसले. तसं नाही हो. हो की नाही, मी काय म्हणते ते मलाही ऐकायचं होतं.